मॅकबेथचे मूल

नाटकावरून केलेल्या चित्रपटाबद्दल बोलायचे म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला: मूळ संहितेशी तो प्रामाणिक आहे का? अध्यक्षपदाचा थोडा गैरफायदा घेऊन मी हा प्रश्न आज बाजूला ठेवतो. नाटककाराने जे सांगायचे टाळले, तिथे दिग्दर्शकाने काय केले, यात मला अधिक रस आहे. 'मॅकबेथ'चेच घ्या. शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मुळे ते आपल्याला परकेही नाही.

लेडी मॅकबेथ सांगते की तिने मूल अंगावर पाजले आहे. पण नाटकभर ते मूल कुठेच नाही. उलट आपल्यामागे गादीला वारस नाही, ती बँकोच्या वंशाकडे जाणार, ही मॅकबेथची जळजळ. मग त्या मुलाचे झाले काय? शेक्सपिअर मौन पाळतो. समीक्षकांनी यावर पुष्कळ शाई खर्ची घातली, काहींनी तर हा प्रश्न विचारणाऱ्यांची टिंगलही केली.

अकिरा कुरोसावाने 1957 साली 'थ्रोन ऑफ ब्लड' केला, तेव्हा शेक्सपिअरचे काव्य त्याने जवळजवळ सगळे टाकून दिले. स्कॉटलंडच्या जागी यादवीतला जपान आला, तीन चेटकिणींच्या जागी अरण्यात चरखा फिरवणारे एकच भूत. पण ज्याने शब्द टाकले त्याने रंगभूमी मात्र सोडली नाही. इसुझु यामादाची असाजी, म्हणजे इथली लेडी मॅकबेथ, पाहा: चेहरा जपानी नो नाटकातल्या मुखवट्यासारखा निश्चल, आणि ती चालली की ऐकू येते फक्त वस्त्रांची सळसळ. राजाची हत्या आपल्याला दिसतच नाही. नवरा परत येईपर्यंत कॅमेरा तिच्यापाशी थांबतो.

आता त्या मुलाकडे येऊ. वाशिझू, म्हणजे कुरोसावाचा मॅकबेथ, मित्र मिकीच्या, म्हणजे बँकोच्या, मुलाला वारस नेमायला तयार झालेला असतो. भुताच्या भविष्यवाणीशी त्याने जणू तडजोडच केलेली असते. तेवढ्यात असाजी सांगते, मला दिवस गेले आहेत. या एका वाक्याने मिकीचा जीव जातो. पुढे मूल मृत जन्मते, आणि त्यानंतर ती न दिसणारे रक्त धूत बसते. शेक्सपिअरकडे हे हात धुणे खुनाच्या अपराधाचे आहे. इथे त्यात बाळंतिणीचे दुःखही मिसळले आहे. मला हे नाटकाचे फार धारदार वाचन वाटते.

त्याची किंमतही मोजावी लागली. तोशिरो मिफुनेचा वाशिझू गरजतो, डोळे गरगर फिरवतो, पण स्वतःशी बोलत नाही. आपण काय करतो आहोत हे पुरते उमगलेला माणूस स्वगतांबरोबर गेला. आपल्याकडे महेश मांजरेकरांनी 2016 च्या 'नटसम्राट'मध्ये उलटी वाट धरली. स्वगते राखली, शिवाय नाटकात नसलेला रामभाऊ आणला. विक्रम गोखल्यांनी तो उत्तम केला, पण नायक बेलवलकरांना बरोबरीचा श्रोता मिळाला आणि त्यांचे एकाकीपण तेवढे पातळ झाले, असे माझे मत.

पुन्हा त्या मुलाकडे वळू. विशाल भारद्वाजच्या 'मकबूल'मध्ये, म्हणजे हिंदीतल्या 'मॅकबेथ'मध्ये, निम्मीचे, म्हणजे लेडी मॅकबेथचे, मूल जन्मते आणि जगतेही. ते मारल्या गेलेल्या अब्बाजींचे की मकबूलचे, हा संशय मात्र उरतोच. शेवटी इस्पितळात मकबूल पाहतो की अब्बाजींची मुलगी समीरा आणि गुड्डू त्या बाळाला आपले म्हणून उचलून घेत आहेत. ज्यांची घरे त्याने उद्ध्वस्त केली, तेच हे दोघे. सूड तिथे थांबतो. कुरोसावाला असले काही मान्य नसावे. त्याच्या किल्ल्यात मारला गेलेला राजाही आपल्या धन्याला मारूनच गादीवर आलेला असतो, त्यामुळे वाशिझूला त्याच्याच सैनिकांचे बाण लागले तरी घडी पूर्ववत बसण्याचा प्रश्नच येत नाही.

माझा कौल कुरोसावाला. पण आज पहिला निबंध 'मकबूल'वर आहे, तेव्हा मला खोडून काढायला वक्त्यांना भरपूर वेळ द्यावा, अशी सूचना मी सूत्रसंचालकांना करून ठेवतो.