खाऱ्या हवेतलं जुनं शाईपेन

अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातली माणसं मुंबईला नोकरीला गेली, कुणी बोटीवर गेली. त्यांच्या कपाटात एखादं पार्कर 51 अजून पडलेलं असू शकतं. अमेरिकेत 1941 साली बाजारात आलेलं हे पेन त्या काळी मोठ्या मानाची वस्तू होतं. 1970च्या दशकात त्याचं उत्पादन थांबलं आणि आता संग्राहक ते शोधत फिरतात.

ओळखायचं कसं? सोन्याची निब आवरणाखाली झाकलेली असते, फक्त टोक दिसतं. टोपण फिरवायचं नसतं, ते सरळ ओढून निघतं. अलीकडे याच नावाने आलेल्या नव्या पेनाचं टोपण मात्र आट्यांचं आहे. 1948 नंतरच्या पेनांत शाईची पारदर्शक प्लास्टिकची नळी आली. ती इतकी टिकाऊ, की अनेक पेनांत आजही शाबूत आहे. त्याआधीच्या पेनांतला रबरी पडदा मात्र काळाने कडक होऊन फाटतो.

आपल्या दमट हवेत सोन्याच्या निबला काही होत नाही. खरा धोका आत वाळलेल्या शाईचा. सुकलेलं पेन जोर लावून उघडू नका. निबकडचा भाग साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा. गरम पाणी आणि स्पिरिट अजिबात नको. पावसाळ्यात पेन वापरणार नसाल, तर शाई काढून, धुऊन, कोरडं करूनच ठेवा. आणि आजोबांचं पेन भंगारात देण्याआधी एकदा जाणकाराला जरूर दाखवा.