शिवेवरचे रहिवासी



संकुचित दृष्टीच्या माणसाला आपण 'कूपमंडूक' म्हणतो. बेडकावर हा मोठाच अन्याय आहे! लहानपणी कल्ल्यांनी श्वास घेत पाण्यात राहायचे आणि मोठेपणी जमिनीवर यायचे, असे दोन संसार बहुतेक बेडकांना करावे लागतात. म्हणून जेथे दोन प्रदेश एकमेकांना भिडतात, तेथे त्यांच्या अनेक जातींची सोय होते.

सावंतवाडीहून घाट चढून आंबोलीस जा. एकीकडे दाट रान, त्याला लागूनच जांभ्या दगडाचा उघडा सडा. रानाच्या बाजूला मलबारी उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचे घरटे करतो. पिल्ले टपटप खाली पाण्यात पडतात. इंडिराना गटातील बेडकांची पिल्ले पाण्याने निथळणाऱ्या कातळाला चिकटून वाढतात. झुडपी बेडकांनी तर डबक्याची गरजच ठेवली नाही. त्यांच्या अंड्यातून थेट चिमुकला बेडूकच बाहेर येतो.

आणि सडा? उन्हाळ्यात तेथे पाय ठेववत नाही. पण पहिला पाऊस झाला, की कातळाच्या खळग्यांत चार बोटे पाणी साठते. तेवढ्या पाण्यात आंबोलीचा भेक अंडी घालतो. अशा डबक्यात पिल्लांना खाणारे मासे नसतात. मात्र पावसाने ओढ दिली, तर डबके आटण्यापूर्वी पिल्लांना पाय फुटले पाहिजेत. या भेकाच्या कुशीवर वाघासारखे पट्टे असतात. कोयनेचा त्याचा भाऊबंद शास्त्राला 1963 साली ठाऊक झाला; याची नोंद व्हायला मात्र 2009 साल उजाडले. आंबोलीच्या परिसराबाहेर त्याला घर नाही. जागतिक यादीत तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे.

आपण रानाला संपत्ती म्हणतो आणि सड्याला पड. पोटखराब्याची जमीन, तिचे काय करायचे? म्हणून चिरे काढतो, रस्ते नेतो. पावसाळी रात्री त्याच रस्त्यांवर चाकांखाली बेडूक चिरडले जातात. रान राखले आणि सडा खणला, तर या भेकाचा पाळणाच मोडला. सडा राखून रान तोडले, तर झाडावरच्या बेडकांचे घर गेले.

मंडळी, शेताची शीव आपण बोटभरही सरकू देत नाही. ही दुसरी शीवही तितक्याच जिद्दीने राखावी, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.