माठाचे पाणी आणि काचेची बशी

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



होटगीहून रोज सोलापूरला जाणारी ही बाई कॉलेजात जंतू पाळते, असे आपल्या कानांवर आले असेल, तर ते खरे आहे! मात्र आमची प्रयोगशाळा पाहाल, तर स्वयंपाकघरात आल्यासारखे वाटेल. चायना ग्रास शिजवावयाचे, जंतूंना खाऊ म्हणून त्यात मांसरस घालावयाचा, कुकरसारख्या भांड्यात १२१ अंशांवर पंधरा मिनिटे वाफवावयाचे आणि काचेच्या चपट्या बशांत ओतून थिजवावयाचे.

ही चायना ग्रासची युक्ती एका गृहिणीचीच बरे का! पूर्वी जर्मनीत जिलेटिनवर जंतू वाढवीत. उन्हाळ्यात ते वितळे. (आपल्या वैशाखात तर त्याचे सारच झाले असते.) १८८१ साली फॅनी हेसे या बाईंनी आपल्या संशोधक पतीला स्वतःच्या जेलीतली ही वस्तू सुचविली. एकदा थिजली की ती सुमारे ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. पुढच्याच वर्षी रॉबर्ट कॉख यांच्या लिखाणात तिचा उल्लेख आला. बाईंचा मात्र आला नाही. आपल्या मुंबईत १८९६ साली प्लेग आला, तेव्हा हाफकिनसाहेबांनी मांसरसावर तुपाचे थेंब सोडून त्याखाली प्लेगचे जंतू वाढविले. ते झुंबरासारखे लोंबत. तेच तापवून, मारून त्यांची लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

आता घरची गोष्ट सांगते. एकदा मुलींना मी आपापल्या घरचे पिण्याचे पाणी आणावयास सांगितले. मीही आणले, एक बाटली नळाची, एक माठाची. दुसऱ्या दिवशी नळाच्या बशीवर चार-पाच टिपके. माठाच्या बशीवर मोजता येईनात! एकेक टिपका म्हणजे जंतूंची अख्खी वसाहत. सगळेच जंतू वाईट नसतात. दही त्यांच्यावाचून लागत नाही. पण नळातून आलेले पाणी माठात बिघडले, म्हणजे हात कुणाचा तरी होता.

माझा संशय सासूबाईंवर. तांब्या बुडवून पाणी घेण्याची त्यांची सवय. म्हणून दोन बशा घरी आणल्या. एकीवर त्यांची बोटे टेकविली, दुसरीवर माझी. मी नुकतीच भाजी चिरून हात नुसते पाण्याखाली धरले होते. त्या पूजेवरून उठल्या होत्या, हात साबणाने धुतलेले. बशा कॉलेजात नेऊन उबेला ठेवल्या. माझ्याच बशीवर टिपके जास्त निघाले! नुसत्या पाण्याने त्वचेवरचे जंतू सुटे होतात, सगळे जात नाहीत. हे मी वर्गात शिकविते.

सासूबाई एवढेच म्हणाल्या, “ओगराळे आण, आणि खिळ्याला टांग.”

त्या दोन्ही बशा मेजावर ठेवल्या आहेत. झाकणावरूनच पाहा, चिकटपट्टी काढू नका. सोमवारी मला त्या परत नेऊन वाफवून टाकावयाच्या आहेत.