स्त्रीचे आयुर्मान आणि प्रदेश
(अभ्यासवर्गातील भाषण)



आयुष्याच्या बाबतीत निसर्गाने स्त्रीला थोडे झुकते माप दिले आहे. अन्न आणि औषधोपचार सारखे मिळाले, तर स्त्री पुरुषापेक्षा काही वर्षे अधिक जगते. भारतात मात्र कित्येक दशके नेमके उलट घडत होते. 1970-75 या काळात पुरुषाचे सरासरी आयुर्मान 50.5 वर्षे, तर स्त्रीचे 49 वर्षे होते.

पण देशाची सरासरी फसवी असते. त्याच काळात केरळात पुरुषाचे आयुर्मान 60.8 आणि स्त्रीचे 63.3 वर्षे होते. उत्तर प्रदेशात (तेव्हा त्यात आजचा उत्तराखंडही होता) पुरुषाचे 45.4, तर स्त्रीचे अवघे 40.5! या दोन राज्यांच्या पुरुषांत सुमारे 15 वर्षांचे अंतर होते. स्त्रियांत ते जवळजवळ 23 वर्षांचे होते. प्रदेशाच्या मागासलेपणाची किंमत दोघांनीही मोजली, पण स्त्रीने कितीतरी अधिक मोजली.

आयुर्मान 40 म्हणजे बाई चाळिशीत मरते, असा अर्थ नव्हे. हा गैरसमज शिकलेल्यांतही आढळतो. सरासरी खाली ओढली जाते ती मुख्यतः बालमृत्यूंमुळे. मुलगा तापाने फणफणला की उसनवारी करून त्याला तालुक्याला नेले जाते. मुलीचा ताप 'उद्या उतरेल' म्हणून अंगावर काढला जातो. त्यातून जी वाचते ती सर्वांमागून उरलेसुरले जेवते, रक्तक्षयाने खंगते आणि तशाच देहाने एकामागून एक बाळंतपणे सोसते. पस्तिशीच्या सुमारास हा धोका ओसरला, की मग कोठे तिचा मृत्युदर पुरुषाहून खाली येई.

हे सारे केवळ दारिद्र्याचे फळ, असे म्हणून मोकळे होता येत नाही, हे कार्यकर्त्यांनाही कबूल करणे जड जाते. हरितक्रांतीच्या सधन पंजाबातही त्या वर्षांत स्त्रिया मागेच होत्या. आणि केरळ तर मुळीच श्रीमंत नव्हता. मात्र 1971 च्या जनगणनेत केरळात शंभरांतील 54 स्त्रिया साक्षर होत्या, उत्तर प्रदेशात जेमतेम 10-11. शिकलेली आई मुलीलाही दवाखान्यात नेते, आणि तेथे दवाखाना व परिचारिका गावापासून फार दूर नव्हत्या. काही जातींतील मातृवंशीय परंपरेचाही त्यात वाटा असेल. पण सारे श्रेय तिलाच देणे म्हणजे शाळा आणि आरोग्य केंद्रांसाठी झालेले श्रम विसरणे होय.

1981-85 मध्ये देशपातळीवर स्त्रीने पुरुषाला किंचित मागे टाकले: 55.4 विरुद्ध 55.7. 2014-18 मध्ये हे आकडे 68.2 आणि 70.7 होते, केरळात तर स्त्री पाच वर्षांहून अधिक पुढे होती. बिहारात मात्र त्याही वर्षांत स्त्रीचे आयुर्मान पुरुषाहून थोडे कमीच नोंदले गेले. सरासरी सुधारल्याच्या आनंदात ही नोंद सहसा वाचलीच जात नाही.