काटकसर आणि कल्पकता : नेतृत्वाच्या विचारपद्धतीचा कस
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आपल्यापैकी बहुतेकांचा संबंध व्यापार-उद्योगाशी आहे. हाती असलेला धंदा कमीत कमी खर्चात चोख चालवावा, की मिळकतीचा काही भाग अनिश्चित अशा नव्या वाटेवर घालावा? या प्रश्नाचे उत्तर बाजारपेठेइतकेच प्रमुखाच्या विचारपद्धतीवर अवलंबून असते.

अमेरिकेतील 'थ्रीएम' कंपनीचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. १९०२ साली स्थापन झालेल्या या कंपनीत विल्यम मॅकनाइट १९०७ साली साहाय्यक हिशेबनीस म्हणून रुजू झाले आणि पुढे सर्वोच्च पदावर पोहोचले. रिचर्ड ड्रू या तरुण कर्मचाऱ्यास त्यांनी चिकटपट्टीचा नाद सोडून नेमलेले काम करण्यास सांगितले. ड्रू यांनी प्रयोग चालूच ठेवला आणि १९२५ साली मास्किंग टेप तयार झाली. चुकांवरून माणसांना सतत धारेवर धरल्यास पुढाकार घेणारे उरत नाहीत, हे तत्त्व मॅकनाइट यांनी १९४८ साली मांडले. आपला सुमारे १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेवर देण्याची मुभा संशोधकांना मिळाली.

२००१ साली जेम्स मॅकनर्नी यांनी सूत्रे घेतली. त्यांनी हजारो नोकऱ्या कमी केल्या व 'सिक्स सिग्मा' ही काटेकोर पद्धत सर्वत्र, अगदी प्रयोगशाळेतही, लागू केली. नफा वाढला, परंतु संशोधकांचा वेळ अहवाल लिहिण्यात जाऊ लागला. २००५ च्या अखेरीस आलेल्या जॉर्ज बकली यांनी ती पद्धत कारखान्यात ठेवली आणि प्रयोगशाळेत शिथिल केली.

यातील मर्म असे, की उत्पादनात प्रत्येक फरक हा दोष असतो. प्रयोगात मात्र तोच फरक नव्या शोधाचे बीज ठरतो. दोन्ही ठिकाणी एकच मोजपट्टी लावणे घातक आहे.

आपल्या पेढ्यांवरही वडीलधारी मंडळी "किती वाचले?" असे विचारतात, तर तरुण "नवे काय?" असे विचारतात. दोघांचेही प्रश्न रास्त आहेत. बुडाली तरी पेढी डगमगणार नाही एवढी रक्कम नव्या कामासाठी वेगळी काढावी, थांबण्याची मुदत आधीच ठरवावी आणि तोपर्यंत दरमहा नफ्याचा जाब विचारू नये. तिजोरीची किल्ली थोरांच्या हाती असते. विश्वासाची किल्लीही त्यांच्याच हाती असते, एवढेच नम्रपणे सुचवून मी आपली रजा घेतो.