दुकान मोबाइलवर, हिशेब वहीत

आम्ही दोघी बरीच वर्षं सातारा जिल्ह्यातल्या बचत गटांना आणि घरगुती उद्योग करणाऱ्या बायकांना व्यवसायाचा सल्ला देतो. कर्जासाठी प्रकल्प अहवाल, प्रदर्शनातला स्टॉल, पाकिटावरचं लेबल, असं पडेल ते काम केलं. यंदापासून मात्र आम्ही एकच काम ठेवलंय, ते म्हणजे ऑनलाइन विक्रीची आखणी. अहवालासाठी कुणी आलं, तर आम्ही जिल्हा उद्योग केंद्राची वाट दाखवतो. आमचं बारमाही उत्पन्न त्यामुळे कमी झालंय. तरी हे का केलं, ते सांगतो.

मुंबईचं महालक्ष्मी सरस असो की पुण्याची भीमथडी जत्रा, माल हातोहात जातो. गिऱ्हाईक फोन नंबरही मागून घेतं. पण प्रदर्शन चार दिवसांचं. पुढे वर्षभर त्या गिऱ्हाइकापर्यंत माल पोचवायचा कसा? मग गावात कुणीतरी येतं, ‘तुमचं दुकान ऑनलाइन टाकून देतो’ म्हणतं, दहा-पंधरा हजार घेतं, फोटो चढवतं आणि जातं. एका ऑर्डरमागे तुमच्या हातात किती उरणार, हे तो विचारत नाही. पैसा गटाच्या बचतीतला असतो. तो बुडाला की नुसता धंदा बसत नाही, बायकांचा एकमेकींवरचा विश्वासही उडतो. त्यात पोर्टलचे दर आणि नियम सारखे बदलतात. दहा कामं सांभाळून हे काम नीट होत नाही, म्हणून बाकीची सोडली.

आता आखणी म्हणजे काय? पहिली गोष्ट, वस्तूचं आकारमान. कुरियर कंपन्या वजनाबरोबर खोक्याचा आकारही बघतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि सहसा पाच हजारांनी भागायचं. येणारा आकडा आणि काट्यावरचं वजन यात जे जास्त, त्याचं भाडं लागतं. एक किलो कुरडया मोडू नयेत म्हणून ४० बाय ३० बाय २० चं खोकं घेतलं, तर हिशेब ४.८ किलोचा होतो! शेंगदाण्याची चटणी मात्र छोट्या खोक्यात बसते. म्हणजे एकाच घरातल्या दोन वस्तू, पण वाटा वेगळ्या. कुरडया जवळच्या बाजारात आणि प्रदर्शनात विका, चटणी कुरियरने पाठवा.

दुसरी गोष्ट, एका ऑर्डरचा हिशेब. आकडे उदाहरणादाखल घेऊ. चटणीची पाव किलोची पुडी १५० रुपयांना. माल-मजुरी ७०, पाकीट आणि खोकं १५, पोर्टलचं कमिशन १५, कुरियर ५०. बेरीज झाली १५०. हातात काही नाही. आता चार पुड्यांचा संच ६०० ला विका. माल-मजुरी २८०, पॅकिंग ३०, कमिशन ६०, कुरियर ९०. एकूण ४६०, उरले १४०. चटणी तीच, दर तोच, फक्त संच केला. यातच परत येणाऱ्या मालासाठी थोडी रक्कम बाजूला धरा. फुटलेली पुडी परत आली की तिचा भुर्दंड आपल्यालाच बसतो.

तिसरी गोष्ट, कागदपत्रं. खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयचा क्रमांक हवा आणि तो पाकिटावर छापलेला हवा. निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची तारीख, पत्ता हेही हवं. पूर्वी पोर्टलवर माल विकायला जीएसटी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून, वर्षाची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असेल, तर तिच्याशिवायही विकता येतं. आपल्याकडे मालासाठी ही मर्यादा ४० लाखांची आहे. अट अशी, की विक्री राज्याच्या आतच करायची आणि जीएसटीच्या संकेतस्थळावरून नावनोंदणी क्रमांक घ्यायचा. राज्याबाहेर पाठवायचं असेल तर तुमच्या वस्तूला काय लागू होतं, ते कर सल्लागाराला आधी विचारा.

म्हणूनच आम्ही सुरुवात मोठ्या पोर्टलपासून करत नाही. आधी व्हॉट्सअॅप बिझनेसवर कॅटलॉग करायचा आणि प्रदर्शनात नंबर दिलेल्या गिऱ्हाइकांना पाठवायचा. तिथे कमिशन नाही, आणि कोण दुसऱ्यांदा मागवतंय ते कळतं. दुसऱ्यांदा मागवणारं गिऱ्हाईक मिळालं, की मग पोर्टलचा विचार.

कुणीही सल्लागार दारात आला, अगदी आम्हीसुद्धा, तर तीन प्रश्न विचारा. एका ऑर्डरमागे आमच्या हातात किती उरेल? माल परत आला तर खर्च कुणाचा? आणि खात्याचा पासवर्ड कुणाकडे राहणार? तिसऱ्याचं उत्तर ‘तुमच्याकडे’ असंच हवं. उत्तरं तोंडी नकोत, कागदावर घ्या.

कधी कधी हिशेब मांडून आम्ही ‘ही वस्तू ऑनलाइन नको’ असंही सांगतो. ऐकणारीला वाईट वाटतं, पण गटाचे पैसे वाचतात.

तेव्हा मैत्रिणींनो, आज रात्री वही घ्या. आपली एकच वस्तू निवडा, तिचं खोकं पट्टीने मोजा आणि बेरीज करा. मोबाइलवर दुकान उघडायचं की नाही, ते ती बेरीज सांगेल.