मताला न टाकलेला ठराव



सकाळपासून तिघांनी विचारले, "पाळक म्हणजे नक्की करतोस काय रे?" उपदेश रविवारी. बाकीचे दिवस बैठका!

आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र आल्या आणि हे चर्च उभे राहिले. त्यासाठीची बोलणी 1929 पासून चालली होती. मोठा पेच बाप्तिस्म्याचा. कोणी तान्ह्या बाळाला देत, कोणी कळत्या वयातच. अखेर दोन्ही पद्धती मान्य झाल्या. इतकी वर्षे न उठता बसून राहिलेल्या त्या माणसांचे मला फार नवल वाटते.

गेल्या वर्षी आमच्या चर्चच्या छपराचा विषय निघाला. तरुणांना स्लॅब हवा, जुन्यांना कौलेच. समितीत बहुमत तरुणांचे. हात वर करायला लावले असते तर दहा मिनिटांत निकाल. पण त्यांच्यातलाच एक जण म्हणाला, "पाळकसाहेब, आज मत नको. म्हाताऱ्यांना परकं वाटेल."

मग तीन बैठका झाल्या. चहा किती झाला, विचारू नका. मिस्त्रीला बोलावले, जुन्या भिंतींना स्लॅबचे वजन पेलणार नाही, असे तो म्हणाला. वासे नवे, कौले तीच, असे एकमताने ठरले. वर्गणीची पहिली पावती स्लॅब मागणाऱ्या त्याच मुलाने घेतली. त्या रात्री देवाचे आभार मानताना मला शब्द शोधावे लागले नाहीत.

काम पावसाआधी पुरे झाले. सर, बाई, एकदा बघायला या. चहा आहेच.